कान्हेरीचा कृष्णगिरी : डोंगर पवित्र कशाने होतो?

तिबेटातला कैलास ६,६३८ मीटर उंच आहे. बौद्ध, हिंदू, जैन आणि बोन या चार धर्मांचे लोक त्याला पवित्र मानतात व त्याच्याभोवती सुमारे ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात. त्या यात्रेचा खर्च आम्हा सानपाड्याच्या कामकरी कुटुंबांना झेपणारा नाही. पण लोकलच्या तिकिटात गाठता येईल असा एक थोर डोंगर आपल्याही वाट्याला आला आहे. तो म्हणजे बोरिवलीच्या अरण्यातला कृष्णगिरी, आपली कान्हेरी.

जुन्या शिलालेखांत याचे नाव 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसातून हा काळा खडक घडला. भोवती सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईची तहान भागवणारे विहार व तुळशी हे तलावही त्याच परिसरात आहेत.

भिक्खूसंघाने ही जागा निवडली ती विचारपूर्वक. वर्षावासाला कोरडा निवारा हवा, ध्यानाला शांतता हवी आणि भिक्षेला वस्तीही फार दूर नको. सोपारा, कल्याण, चौल ही व्यापारी बंदरे याच टापूत होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना सुमारे २२ फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती पाण्याची व्यवस्था. डोंगरावर पडणारा पाऊस दगडात कोरलेल्या पन्हाळींतून टाक्यांत साठवला जाई. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने संघाला पोढी दान दिल्याचा लेख येथे आहे. त्याच गावच्या नंद नावाच्या लोहाराचे दानही कोरलेले आहे. राजेरजवाड्यांच्या बरोबरीने कारागिरांची नावे दगडावर राहिली, ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही.

भयापोटी डोंगराला, झाडाला शरण गेल्याने दुःखातून सुटका होत नाही, अशी धम्मपदाची शिकवण आहे. म्हणून आम्ही कृष्णगिरीला नवस बोलत नाही. तेथे ज्यांनी शील पाळले, विद्या दिली, घाम गाळला, त्यांच्यामुळे तो डोंगर आम्हांला पवित्र आहे. सानपाड्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. दगडखाणींनी त्याची कूस पोखरली. ज्या घरांत कधी छिन्नी-हातोडा होता, त्यांना कान्हेरीचा एकेक खांब कोरायला काय कष्ट पडले असतील, हे सांगावे लागणार नाही.

सानपाड्याहून हार्बरच्या गाडीने कुर्ला, मग दादरला गाडी बदलून बोरिवली. उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. भाकरी बांधून घ्या, लेकरांना न्या. टाक्यांत कचरा टाकू नका आणि भिंतीवर नाव कोरू नका. स्वामिदत्ताचे नाव तेथे राहिले, ते त्याने पाणी दिले म्हणून, हे मुलांना तेथेच उभे राहून सांगा.