अग्निसुरक्षेच्या नियमांतील शब्दार्थ : इंग्लंडातील बहुमजली निवासी इमारतींचा विचार

कायद्याच्या भाषेचा अभ्यास बहुधा करार, मृत्युपत्रे आणि दंडविधान यांच्यापुरताच मर्यादित राहतो. इमारतींच्या बांधकामाचे नियम हाही भाषाभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु २०१७ नंतर इंग्लंडमध्ये आगीच्या दृष्टीने सदोष ठरलेल्या निवासी इमारतींविषयी जो ऊहापोह झाला, त्याचा मोठा भार मोजक्या शब्दांच्या अर्थावर पडलेला दिसतो. भिंतीवर कोणता पदार्थ लावता येतो, भिंतीची जबाबदारी कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न फार मोठ्या अंशी शब्दार्थाचे प्रश्न ठरले. त्या शब्दांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. घटना

लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची काँक्रीटची इमारत १९७४ साली पुरी झाली. २०१२ ते २०१६ या काळात तिचे नूतनीकरण झाले. त्या वेळी बाहेरच्या भिंतींवर उष्णतारोधक थर बसवून त्यावर ॲल्युमिनियमचे तावदान-आवरण चढविण्यात आले. या आवरणात दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा गाभा होता. १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेत रेफ्रिजरेटरपाशी लागलेली आग खिडकीवाटे या आवरणात शिरली आणि अर्ध्या तासाच्या आत शिखरापर्यंत पोचली. तीत ७२ माणसे मृत्यू पावली. रहिवाशांना दीड तासाहून अधिक काळ आपापल्या घरातच थांबण्यास सांगितले जात होते. प्रत्येक सदनिका ही बंद पेटीसारखी असून एकीतील आग दुसरीत जात नाही, या गृहीतावर तो सल्ला आधारलेला होता. आग बाहेरच्या भिंतीवरून चढू लागताच ते गृहीत कोसळले.

२. ‘पुरेसा’

इंग्लंडच्या बांधकाम-नियमांत याविषयी एक मूलभूत अपेक्षा सांगितलेली आहे. इमारतीची उंची, उपयोग आणि स्थान लक्षात घेता बाहेरच्या भिंतींनी आगीच्या फैलावाला ‘पुरेसा’ प्रतिरोध केला पाहिजे, असे तिचे तात्पर्य आहे. ग्रेनफेलच्या भिंतींनी ही अपेक्षा पुरी केली नव्हती, उलट त्यांनी आगीला हातभार लावला, असा निष्कर्ष न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीच्या २०१९ मधील पहिल्या अहवालाने काढला. परंतु ‘पुरेसा’ हे सापेक्ष विशेषण आहे. आग लागून गेल्यावर ते लावणे सोपे. आराखडा करणाऱ्याला मात्र त्यातून कोणतेही माप मिळत नाही. म्हणून तो नियम सोडून सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेकडे वळतो. ग्रेनफेलच्या बाबतीत खरी अडचण तेथे सुरू झाली.

३. ‘भरण’ आणि ‘शून्य वर्ग’

१८ मीटर किंवा त्याहून उंचावर मजला असलेल्या इमारतींच्या बाह्य भिंतींतील उष्णतारोधक पदार्थ, ‘भरण’ इत्यादी गोष्टी ‘मर्यादित ज्वलनशीलते’च्या असाव्यात, असे त्या पुस्तिकेच्या २००६ च्या आवृत्तीत होते. पत्र्यांमधील पॉलिएथिलीनचा गाभा हे ‘भरण’ होय, असे शासनाने आगीनंतर सांगितले. पोकळी किंवा फट बुजविण्यासाठी वापरतात ते भरण. तयार तावदानाच्या अंगभूत भागाला तो शब्द लागू नाही, असे बांधकामक्षेत्रातील अनेकांचे म्हणणे पडले. त्यांच्या मते तावदानाच्या पृष्ठभागाला ‘शून्य वर्ग’ मिळाला की काम भागत होते. आता या वर्गाच्या चाचण्या छोट्या नमुन्यांवर होत आणि मुख्यतः पृष्ठभागाचे वर्तन मोजीत. आत गाभा पेट घेणारा असला तरी वरच्या धातूच्या बळावर असा वर्ग पदरात पडू शकत होता. ‘शून्य’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘धोका शून्य’ असाच अर्थ उभा राहतो. ही जुनी राष्ट्रीय वर्गवारी मार्च २०२५ मध्ये पुस्तिकेतून वगळण्यात आली.

या संदिग्धतेची सूचना अगोदर मिळाली नव्हती असे नाही. ३ जुलै २००९ रोजी दक्षिण लंडनमधील लॅकनल हाउस या १४ मजली इमारतीच्या आगीत सहा जण मृत्यू पावले. त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरनी मार्च २०१३ मध्ये शासनाला शिफारस केली, की ही पुस्तिका केवळ तज्ज्ञांना नव्हे, तर बांधकाम, देखभाल व नूतनीकरण करणाऱ्या सर्वांना कळेल अशा शब्दांत लिहावी. भाषेच्या सुबोधतेविषयी अशी मागणी मृत्यूच्या चौकशीतून पुढे यावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जून २०१७ पर्यंत ते पुनर्लेखन झाले नव्हते.

४. ‘सामाईक भाग’

बांधकाम-नियमांचा रोख मुख्यतः नव्या कामाकडे असतो. उभ्या असलेल्या इमारतीने नव्या नियमानुसार आपले रूप बदलावे, अशी सक्ती त्यांत सहसा नसते. २०१८ च्या डिसेंबरात १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील पदार्थांना बंदी झाली, पण तीही नव्या कामांना. राहत्या इमारतींसाठी २००५ चा अग्निसुरक्षा-आदेश होता. तो खाजगी घरांना वगळून फक्त ‘सामाईक भागां’ना लागू होई. जिना आणि मार्गिका सामाईक, हे निर्विवाद होते. बाहेरची भिंत सामाईक काय? सदनिकेचा जिन्याकडे उघडणारा दरवाजा घराचा की जिन्याचा? या दोन्ही गोष्टींवर आग अडणार की पसरणार हे अवलंबून असताना त्यांचे नाव कोणत्या रकान्यात घालावे याविषयी संशय होता. २०२१ च्या अग्निसुरक्षा-कायद्याने भिंती, त्यांना जोडलेले सज्जे आणि असे दरवाजे स्पष्टपणे आदेशाच्या कक्षेत आणले. पदार्थ तेच राहिले आणि इमारतीही त्याच. शब्दाची मर्यादा ठरली आणि तपासणीचे कर्तव्य कोणाचे, तेही ठरले.

५. ‘दोष’ आणि ‘आवरण’

इंग्लंडात सदनिकाधारक हा बहुधा दीर्घ मुदतीचा पट्टेदार असतो. जमीन व इमारत दुसऱ्याच्या मालकीची असते आणि दुरुस्तीचा खर्च सेवाशुल्काच्या रूपाने पट्टेदारांकडून वसूल होतो. ग्रेनफेलनंतर सदोष आवरणे काढण्याचा प्रचंड खर्च अशा कुटुंबांवर कोसळू लागला, आणि त्यांची घरे विकली जाईनात. २०२२ च्या इमारत-सुरक्षा कायद्याने यावर उपाय योजला, तो व्याख्येच्या द्वारे. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली हवी. दोष २८ जून २०२२ पूर्वीच्या ३० वर्षांतील कामातून उद्भवलेला हवा. आणि त्यामुळे आगीच्या फैलावाचा किंवा पडझडीचा धोका माणसांना असला पाहिजे. अटी पुऱ्या करणाऱ्या पट्टेदाराला असुरक्षित आवरणाच्या दुरुस्तीसाठी काही द्यावे लागत नाही. अन्य दोषांच्या खर्चाला मर्यादा घातलेली आहे. म्हणजे एखादा थर ‘आवरणा’त मोडतो की नाही, यावर एका कुटुंबाची पुंजी अवलंबून राहते. १९७० सालच्या इमारतीत मुळातच एखादी सोय नसेल, तर त्या उणिवेला या कायद्याच्या अर्थाने ‘दोष’ म्हणता येत नाही. दहा मीटर उंचीच्या चार मजली इमारतीवर तेच तावदान असले, तरी तिला हे संरक्षण लाभत नाही. व्याख्येने जबाबदारी निश्चित होते, तशी ती कोणाला तरी बाहेरही ठेवते.

६. मराठीपुरता विचार

मराठीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. ‘अग्निरोधक’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न गुणांसाठी वापरतो. पदार्थ स्वतः पेटतो की नाही, हा एक गुण. भिंत किंवा दरवाजा आगीला किती मिनिटे थोपवितो, हा दुसरा. जाड लाकडी दरवाजा पेटू शकतो, तरी योग्य रीतीने बनविल्यास अर्धा तास आग अडवितो. ॲल्युमिनियमचा पत्रा सामान्यतः पेटत नाही, पण सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. दोहोंना ‘अग्निरोधक’ म्हटले, तर खरेदी करणाऱ्याची फसगत ठरलेलीच. पहिल्या गुणासाठी ‘अज्वलनशील’ आणि दुसऱ्यासाठी ‘अग्निरोधक’, मिनिटांच्या उल्लेखासह, असा भेद पाळणे इष्ट होय.

महाराष्ट्रातील उभ्या इमारतींच्या बाबतीतही शब्दांवर असाच भार आहे. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत व कार्यक्षम आहेत, असे त्याचे तात्पर्य. ‘कार्यक्षम’ हे विशेषण ‘पुरेसा’ या विशेषणाच्याच जातीचे आहे. पंप चालू झाला, सर्वांत वरच्या मजल्यावरील नळाला योग्य दाबाने पाणी आले, जिन्याचे दरवाजे आपोआप मिटले, असे पाहता व मोजता येण्याजोगे अर्थ त्याला जोडले, तरच प्रमाणपत्रावरील सहीला मोल राहते. शब्दाचा अर्थ आगीनंतरच्या चौकशीत ठरावा, ही पद्धत किती महाग पडते, याचा हिशेब इंग्लंडने मांडून दाखविला आहे.