निमो घरी आणण्याआधी

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३ साली आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश समुद्र न पाहिलेल्या पोरांच्याही ओळखीचा झाला. तो पाळण्याबद्दल मात्र दोन टोकांची मतं ऐकू येतात. भीमेकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावात समुद्री मासा जगणारच नाही, हे एक. गोल्डफिशसारखा काचेच्या भांड्यात सोडला की झालं, हे दुसरं. दोन्ही चूक.

समुद्र जवळ असावा लागत नाही. पाणी समुद्रासारखं असावं लागतं. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार समुद्री मीठ आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम कालवलं की ते घरीच तयार होतं. ‘आमच्या बोअरचं पाणी तसंही खारंच आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. उसाच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी जिभेला मचूळ लागलं तरी त्यातले क्षार समुद्राच्या मानाने फारच थोडे असतात, आणि खतांमधून झिरपलेलं नायट्रेट त्यात असू शकतं. स्वयंपाकाचं मीठही उपयोगाचं नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यात नसतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टाकीतलं पाणी आटल्यावर. उन्हाळ्यात पातळी बोटभर उतरली की लोक खारं पाणी ओततात. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. नाहीतर खारटपणा दर आठवड्याला चढत जातो आणि मासा का मरगळला ते कळत नाही. टाकीवर आतल्या बाजूने पट्टी चिकटवून पातळीची खूण करून ठेवावी. पाण्याचं तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणी गरम करण्यापेक्षा थंड ठेवणंच अवघड, त्यामुळे पत्र्याखालच्या खोलीत ही हौस करू नये. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

टाकी ७५ ते १०० लिटरची तरी असावी. ती भरल्या दिवशी मासा सोडायचा नसतो. विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार कितीही घाई करो, एवढं थांबावंच.

समुद्रफुलाशिवाय, म्हणजे सी ॲनिमोनशिवाय, क्लाउनफिश जगत नाही, हाही गैरसमज. समुद्रात शत्रूपासून आसरा म्हणून त्याला ते लागतं. टाकीत शत्रूच नसतो. उलट समुद्रफूल जपणं माशापेक्षा कितीतरी कठीण. त्याला प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, आणि ते मेलं तर सगळं पाणी नासवतं.

‘नर-मादी निवडून द्या’ असंही दुकानात सांगू नये. हे मासे आधी नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत थोरला मादी होतो. लहान-मोठी अशी दोन पिल्लं आणली की जोडी आपोआप जमते. शोभेसाठी सहा-सात सोडले तर मादी दुबळ्यांना छळून मारते.

आता राहिला मासा कुठून घ्यायचा हा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. शोभेचे सगळे समुद्री मासे प्रवाळातूनच पकडावे लागतात, असं अनेकांना वाटतं. क्लाउनफिश मात्र हॅचरीत वाढवता येतो. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते करून दाखवलं. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी आहे. मादी फरशीवर किंवा मडक्याच्या कडेला अंडी घालते आणि नर दिवसरात्र परांनी त्यांना वारा घालतो. आठवडाभरात केशरी अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसणारे रोटिफर नावाचे जीव खायला घालावे लागतात.

असं पिल्लू पहिल्यापासून टाकीतच वाढलेलं असतं, दाणेदार खाद्य खातं आणि नीट सांभाळलं तर १० वर्षांहून जास्त जगतं. समुद्रातून पकडलेला मासा प्रवासात खचतो, रोग घेऊन येतो, आणि फिलिपिन्स-इंडोनेशियात तर असे मासे गुंगवायला सायनाइड वापरलं गेलं आहे. दुकानात हॅचरीचाच मासा मागावा, तो खाद्य खातो हे समोर उभं राहून बघावं, आणि खात नसेल तर पैसे देऊ नयेत.