संत्र्याची फोड आणि डोक्यातला फुगा

दोस्तांनो, वरूडची संत्री तुम्ही खाल्ली असतीलच. आता एक फोड घ्या आणि तिची पातळ साल काढून पाहा. आत रसाने भरलेल्या इवल्या इवल्या पिशव्या दिसतात ना? संत्र्यात त्या हव्यातच. पण काही माणसांच्या किडनीत, म्हणजे मूत्रपिंडात, पाण्याने भरलेल्या अशाच पिशव्या तयार होतात. लहानपणी बहुधा पत्ताच लागत नाही. वय वाढतं तशा त्या वाढतात आणि किडनीचं काम मंदावतं. हाच 'पॉलिसिस्टिक किडनी'चा आजार.

तो घराण्यातून येतो. आई-बाबांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलामागे जणू नाणं उडवलं जातं, छाप की काटा! मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी. यामागचं मुख्य जनुक शास्त्रज्ञांना १९९४ साली सापडलं.

आता नवल ऐका. किडनीच्या या आजाराचा संबंध डोक्याशीही आहे! हेच जनुक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही काम करतं. बागेतली जुनी नळी कमजोर जागी फुगते, पाहिलंय ना? तसाच मेंदूच्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. या आजाराच्या शंभर रुग्णांत साधारण दहा जणांना तो असतो; इतरांत शंभरात दोन-तीन जणांना. बहुतेक फुगे कधीच फुटत नाहीत. पण फुटला, तर जिवावर बेततं.

मग डोकं अचानक, वीज कोसळावी तसं दुखतं. उलट्या होतात, मान ताठते, कधी शुद्ध हरपते. आपल्याकडचं ऊन कडक, म्हणून आजी म्हणते, "ऊन लागलं असन, कांदा लाव." पण अशा वेळी थांबायचं नाही. १०८ला फोन करायचा, मोठा दवाखाना गाठायचा आणि सांगायचं, "आमच्या घरात किडनीचा हा आजार आहे." हे एक वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

आई-बाबांनो, घरात हा आजार असेल तर रक्तदाब नेमाने मोजा, मीठ बेतानं खा, दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. नात्यात कुणाचा फुगा फुटला असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. फुगा वेळेवर सापडला आणि डॉक्टरांना गरज वाटली, तर चिमटा लावून किंवा आत बारीक तारेची गुंडाळी भरून तो बंद करता येतो.

आणि दोस्तांनो, तुमचं काम? आज आजी-आजोबांजवळ बसा, घरात कुणाला काय आजार होते ते विचारा आणि वहीत नीट लिहून ठेवा. घाबरायचं नाही, फक्त माहीत असू द्यायचं!