कॅलहूनला उत्तर : ग्रीकचे एक क्रमिक पुस्तक

‘हेबियस कॉर्पस’, ‘मेन्स रिया’, ‘रेस ज्युडिकाटा’ हे लॅटिन शब्द आम्ही वकील मंडळी कोर्टात रोज वापरतो. अर्थ पाठ असतो, भाषा येत नाही. युरोप-अमेरिकेत मात्र लॅटिन आणि प्राचीन ग्रीक म्हणजे शतकानुशतके विद्वत्तेचा दाखला. तो कोणाला द्यायचा, हे अर्थातच तिथल्या मालकवर्गाने ठरवले होते.

दक्षिण कॅरोलिनाचा सिनेटर जॉन कॅलहून हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक. ग्रीक व्याकरण जाणणारा एक तरी काळा दाखवा, मग त्याला माणूस मानीन, असे तो म्हणाल्याचे सांगितले जाते. १८५० मध्ये तो मेला. दोनच वर्षांनी जॉर्जियातील मेकन गावी विल्यम सँडर्स स्कारबरो यांचा जन्म झाला. आई गुलाम म्हणून मूल गुलाम, हा तिथला कायदा. (जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे कायदे आपल्याला नवे नाहीत.) गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाही गुन्हा होता. या मुलाने चोरून अक्षरे गिरवली. यादवी युद्धाने गुलामगिरी संपली, १८७५ मध्ये ओबर्लिन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १८८१ मध्ये त्यांचे ‘फर्स्ट लेसन्स इन ग्रीक’ प्रसिद्ध झाले.

हा पंडितांसाठी लिहिलेला ग्रंथ नव्हे. नामांची रूपे, क्रियापदे, ग्रीक-इंग्रजी भाषांतराचे स्वाध्याय, पुढे झेनोफनचे उतारे असे ते साधे क्रमिक पुस्तक. आमच्या मते खरी चपराक इथेच आहे. कॅलहूनचे तोंड बंद करायला स्कारबरोंना स्वतःला ग्रीक येणे पुरेसे होते. त्यांनी कोणत्याही रंगाच्या मुलाला ते यावे अशी सोय केली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावले. पुढे त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश रचायला घेतला, तो याच जातीचा उद्योग.

स्कारबरोंच्या पुस्तकाची २०१९ मध्ये जशीच्या तशी पुन्हा छपाई झाली. मूळ आवृत्तीचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संगणकीय ग्रंथालयात ग्रीक-लॅटिन ग्रंथ फुकट वाचता येतात. अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की त्याचे रूप आणि अर्थ समोर येतो. लिडेल आणि स्कॉट यांचा १८४३ पासून चालत आलेला जाडजूड ग्रीक कोशही तिथेच आहे. लागते ती इंग्रजी आणि चिकाटी.

आपल्या पोरांना ग्रीक कशाला, असे कोणी विचारील. कंदहारला १९५८ मध्ये सम्राट अशोकाचा ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांतला शिलालेख सापडला. त्यात ‘धम्म’ या शब्दासाठी ‘युसेबेइया’ हा ग्रीक शब्द योजला आहे. तो लिडेल-स्कॉटमध्ये काढून पाहावा.