बोलक्या भिंती: रंगवण्याआधी थोडा विचार



आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या बऱ्याच शाळांच्या भिंती आता रंगलेल्या दिसतात. बाराखडी, पाढे, सूर्यमाला, शरीराचे अवयव आणि कडेने एक वारली चित्रांची पट्टी. याला आपण 'बोलक्या भिंती' म्हणतो. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आल्यापासून तर रंगरंगोटीला जोरच आला. चांगली गोष्ट आहे. पण ही भिंत नेमकं कोणाचं बोलणं बोलते, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

वारली चित्र म्हणजे मुळात भिंतीचंच चित्र. कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीने सारवायची, वर गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने चित्र काढायचं. लग्नात काढायचा तो चौक. मधल्या चौकटीत पालघट देवी, भोवती झाडं, सूर्य, चंद्र, नाचणारी माणसं. हा चौक काढायचा मान सुवासिनींचा. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे हे चित्र भिंत सजवण्यासाठी नव्हतं, तो विधीचा भाग होता. आणि ते कायमचंही नव्हतं. भिंत पुन्हा सारवली की जुनं चित्र गेलं, पुढच्या लग्नाला नवं आलं.

हे चित्र कागदावर आलं ते 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात जाऊन कलाकारांना कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नविधी नसतानाही रोज चित्रं काढू लागले. शेती, मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांची वारुळं असे विषय त्यांनी आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा वेगळा झाला 2014 मध्ये. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

चित्र कागदावर आलं, कलाकारांना नाव आणि काम मिळालं, हे मोलाचंच. पण त्याचबरोबर ही चित्रं साड्या, कप, हॉटेलं यांवरही गेली, आणि काढणाऱ्याचं नाव मागे पडलं. आपल्या शाळेच्या भिंतीवरही हेच होतं का, बघा. बाहेरून आलेला पेंटर छापील नमुना बघून दोन त्रिकोण जोडतो. माणूस तयार! शेजारच्या पाड्यावर हातात ही कला असलेली आजी असते. तिला कोणी विचारलेलंच नसतं. मग तिची नात त्या भिंतीकडे बघून काय शिकते? की आपल्या घरचं ज्ञान शाळेत चालतं, पण आपली माणसं चालत नाहीत.

सार्वजनिक भिंत आणि शिक्षण यांचं नातं जगातही जुनं आहे. मेक्सिकोत क्रांतीनंतर 1920च्या दशकात शिक्षणमंत्री वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या. दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीतच शेतकरी, कामगार, सण रंगवले. लोकांनी भिंतीवर स्वतःला बघावं, हा हेतू.

मग आपण काय करू शकतो?

पहिलं, रंग आणण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या. पाड्यावर कोण चित्र काढतं ते विचारा. काय काढायचं आणि काय काढायचं नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या. देवचौक स्वच्छतागृहाच्या भिंतीवर काढणं बरोबर नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं, कामाचे पैसे द्या आणि चित्राखाली नाव लिहा. पाट्यांवर देणगीदारांची नावं असतात, मग चित्रकाराचं का नको?

तिसरं, आपल्या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुलंही आहेत. 'आदिवासी म्हणजे वारली' असा समज भिंतीमुळे पक्का होऊ नये. प्रत्येक घरची गोष्ट, झाड, सण भिंतीवर यायला हवा.

चौथं, व्हरांड्यात मुलांच्या उंचीची एक पट्टी गेरूच्या रंगाची करून मोकळी ठेवा. पिठाचा रंग आपल्याकडच्या पावसात टिकत नाही, म्हणून आतली बाजू घ्या. दरवर्षी ती पट्टी पुन्हा रंगवा आणि नव्या मुलांना द्या. पुसलं जाणं हा या कलेचा स्वभावच आहे.

यातून अभ्यासही होतो. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन म्हणजे भूमिती; पेरणी ते कापणी म्हणजे परिसर अभ्यास; आजीला विचारून लिहिलेली चार वाक्यं म्हणजे भाषा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. शाळा रंगवायचं ठरलं की नुसती वर्गणी देऊन थांबू नका. आजीला, आत्याला, काकीला घेऊन या. शाळेची भिंत सुंदर दिसणं सोपं आहे. ती आपली वाटणं महत्त्वाचं आहे.