नाकारलेला हेतू आणि टाळण्याचा हेतू : इंग्रजी वाक्यरचनेविषयीचे काही गैरसमज

इंग्रजीत एखादी कृती कशासाठी केली हे सांगायचे असेल तर क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टू’ लावावा, आणि कशासाठी केली नाही हे सांगायचे असेल तर त्या ‘टू’च्याही आधी ‘नॉट’ बसवावा, अशी समजूत शालेय व्याकरणावर इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांची असते. या समजुतीचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्धात मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते, कारण ‘अमुक होऊ नये म्हणून’ आणि ‘अमुक करण्यासाठी नव्हे’ ही विधाने एकाच अर्थाची नाहीत: पहिल्यात टाळणे हाच हेतू असतो, तर दुसऱ्यात एक हेतू नाकारून त्याच्या जागी दुसरा ठेवलेला असतो.

झोपलेल्या मुलाच्या खोलीत शिरणाऱ्या माणसाविषयीची दोन वाक्ये शेजारी ठेवली की हा फरक उघड होतो. मूल जागे होऊ नये म्हणून तो हळू चालला, हे सांगण्यासाठी ‘ही वॉक्ड स्लोली नॉट टू वेक द चाइल्ड’ अशी रचना केली, तर ती इंग्रजीभाषकाच्या कानाला अपुरी वाटते; तेथे ‘सो ॲज नॉट टू वेक द चाइल्ड’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू वेक द चाइल्ड’ असे म्हणावे लागते. मायकल स्वान यांच्या ‘प्रॅक्टिकल इंग्लिश युसेज’ या १९८० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि जगभरच्या शिक्षकांनी वापरलेल्या ग्रंथातही नकारात्मक हेतूसाठी नुसता ‘नॉट टू’ वापरू नये असाच निर्वाळा आहे. पण तोच ‘नॉट टू’ विरोधाच्या जोडीत आला की एकदम निर्दोष ठरतो: ‘ही एन्टर्ड द रूम नॉट टू वेक द चाइल्ड बट टू फाइंड हिज ग्लासेस’, म्हणजे तो खोलीत शिरला तो मुलाला उठवायला नव्हे, चष्मा शोधायला. या दुसऱ्या वाक्यात मूल झोपलेलेच राहावे अशी त्याची इच्छा होती की नव्हती, याबद्दल एक अक्षरही नाही. त्याला उठवणे हा येण्यामागचा हेतू नव्हता, एवढेच सांगितले आहे. म्हणजे ‘बट टू’ने सुरू होणारा भाग केवळ पुरवणीदाखल जोडलेला नसून, आधीच्या ‘नॉट टू’ला अर्थ आणि व्याकरण या दोन्ही बाजूंनी आधार देणारा असतो. ‘बी केअरफुल नॉट टू’, ‘ट्राय नॉट टू’ किंवा ‘प्रॉमिस नॉट टू’ या रचना पाहून कोणी या नियमाला अपवाद सापडल्याचे समजेल, परंतु तेथे ‘टू’ने हेतू दाखवलेलाच नसतो, काळजी कशाची घ्यायची, प्रयत्न कशाचा करायचा, वचन कशाचे द्यायचे, ही त्या शब्दांची अपेक्षा तो पुरी करतो.

दुसरा गैरसमज ‘नॉट’च्या जागेविषयी आहे. निषेध क्रियापदाला लावला काय किंवा हेतूला लावला काय, अर्थ एकच, असे मानले जाते. ‘शी डिड नॉट कम टू क्वॉरल’ या वाक्याचे मात्र दोन अर्थ होतात: ती आली, पण भांडायला आली नाही, किंवा भांडायला म्हणून जी येणार होती ती आलीच नाही. निषेधाची कक्षा, म्हणजे वाक्याचा नेमका कोणता भाग नकाराखाली येतो ती मर्यादा, या वाक्यात शब्दांवरून ठरत नाही. ‘बट टू अपॉलोजाइझ’ हे शब्द जोडताच दुसरा अर्थ गळून पडतो, कारण जी आलीच नाही तिच्या येण्याला पर्यायी हेतू असू शकत नाही. ‘शी केम नॉट टू क्वॉरल बट टू अपॉलोजाइझ’ या रचनेत ‘नॉट’ हेतूलाच चिकटलेला असल्याने संदिग्धता मुळातच उरत नाही, आणि म्हणूनच औपचारिक लेखनात तिला मान आहे. पहिली रचना अशुद्ध आहे असे काही काटेकोर शिक्षक सांगतात, ते मात्र खरे नाही. बोलण्यात तीच अधिक सहज येते. मराठी वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीत संपूर्ण वाक्याचा निषेध ‘नाही’ने आणि वाक्यातील एकाच घटकाचा निषेध ‘नव्हे’ने करण्याची सोय आहे, आता लिहिणाऱ्यांच्या हातून ‘नव्हे’ सुटत चालल्यामुळे ती वापरली जात नाही, एवढेच.

तिसरा गैरसमज सर्वांत रुळलेला आहे, तो म्हणजे ‘बट’ म्हणजे ‘पण’. मराठी व्याकरणात ‘पण’ आणि ‘परंतु’ यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात, म्हणजे आधीच्या विधानात काही उणीव किंवा अपेक्षाभंग दाखवणारे जोडशब्द. ‘तो आला पण बोलला नाही’ या वाक्यात त्याचे येणे खरेच असते. ‘पण’ने फक्त त्यातून निघणारी अपेक्षा मोडली. ‘नॉट टू आर्ग्यू बट टू लिसन’ यातील ‘बट’ असली उणीव दाखवत नाही. तो आधीचा पर्याय रद्द करून त्या जागी नवा आणतो. जर्मन भाषेत या दोन कामांना ‘आबर’ आणि ‘झोन्डर्न’, तर स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ आणि ‘सिनो’ असे स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजी दोन्ही कामे एकाच शब्दाकडून करून घेते. मराठीत दुरुस्तीचे काम ‘तर’ करतो किंवा नुसता स्वल्पविरामही करतो. म्हणून ‘तो वाद घालायला नाही पण ऐकायला आला होता’ हे वाक्य कितीही छापले गेले तरी भाषांतराचा वास त्याला येतोच. ‘वाद घालायला नव्हे, तर ऐकायला’ असेच तेथे हवे.

नाकारलेला हेतू निव्वळ भरीचा असतो, तो काढून टाकला तरी अर्थ बदलत नाही, असेही काहींना वाटते. वास्तविक नाकारायचा म्हटला तरी तो हेतू उच्चारावा लागतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीच असावा असे गृहीत धरावे लागते. ‘आम्ही नफा कमावण्यासाठी नव्हे, तर सेवेसाठी आलो आहोत’ असे म्हणणारा नफ्याची शंका स्वतःच्या तोंडानेच उभी करतो. जाहिरातींत ही रचना सरसकट वापरणाऱ्यांना याचे भान असतेच असे दिसत नाही. शेक्सपिअरला ते पुरेपूर होते. १५९९च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात अँटनी अंत्यविधीच्या भाषणाच्या आरंभीच सीझरच्या स्तुतीचा हेतू नाकारतो आणि पुढे भाषणभर नेमके तेच करून जमावाला कटवाल्यांविरुद्ध उठवतो. व्याकरणाने नाकारलेला हेतूच तेथे खरा हेतू असतो, आणि ‘नॉट टू’ने त्याला आडोसा मिळतो.

या रचनेच्या शेजारी बसणाऱ्या दोन रचनांची तिच्याशी वारंवार गल्लत होते. ‘नॉट ओन्ली टू स्टडी बट ऑल्सो टू वर्क’ यात काहीच नाकारलेले नसते, दोन हेतूंची बेरीज असते. महाराष्ट्रातील बारावीच्या परीक्षेत वाक्यपरिवर्तनासाठी ती इतक्या वेळा घोटून घेतली जाते की ‘नॉट’ दिसताच ‘ऑल्सो’ लिहिण्याची सवय हाताला लागते आणि साध्या विरोधाचे वाक्यही बेरजेचे होऊन बसते. ‘द फाइन इज मेन्ट नॉट सो मच टू पनिश ॲज टू वॉर्न’ यात दोन्ही हेतू जिवंत राहतात, फक्त त्यांचे वजन बदलते: दंडाचा हेतू शिक्षेपेक्षा इशाऱ्याचा अधिक आहे. येथे ‘ॲज’च्या जागी ‘बट’ घालण्याची चूक इंग्रजी वृत्तपत्रांतही आढळते.

‘अमुक होऊ नये म्हणून’ या अर्थाच्या ‘लेस्ट’विषयीचा गैरसमज थोडक्यात उरकता येईल. त्याच्या अर्थातच नकार असल्यामुळे वाक्यातही ‘नॉट’ हवा, असे समजून ‘लेस्ट द चाइल्ड शुड नॉट वेक’ असे लिहिले जाते, आणि अर्थ उलटा होऊन मूल जागे न होण्याचीच भीती व्यक्त होते. नकार त्या शब्दाच्या पोटातच आहे. जुन्या इंग्रजीतील ‘ज्यायोगे कमी’ अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून तो झिजत आला आहे.

‘टू’ आला की हेतू आलाच, या समजुतीची खरी परीक्षा ‘ओन्ली टू’ घेते. ‘ही रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन’ या वाक्याचे ‘गाडी गेलेली पाहण्यासाठीच तो स्टेशनकडे धावला’ असे भाषांतर केले, तर माणूस वेडा ठरतो. रूप हेतूचे असले तरी येथे परिणाम सांगितला आहे, आणि तोही हेतूच्या नेमका विरुद्ध: गाडी पकडायची होती, ती मिळाली नाही. या वाक्यातला विरोध ‘बट’ने दाखवलेला नसून, हेतूचे रूप घेऊन आलेल्या अपयशातून तो उमटतो. उलट ‘ही वेन्ट टू द स्टेशन ओन्ली टू मीट हिज ब्रदर’ यात ‘ओन्ली’ खरोखरच ‘केवळ’ या अर्थाचा आहे आणि भावाला भेटणे हा हेतूच आहे. दोन्ही वाक्यांचा सांगाडा एक असल्याने निवाडा बहुधा ‘टू’नंतरच्या क्रियापदावर होतो: आढळणे, कळणे, सांगितले जाणे अशा कर्त्याच्या इच्छेबाहेरच्या घटना असतील तर परिणाम समजावा, भेटणे किंवा आणणे अशा ठरवून करायच्या कृती असतील तर हेतू. पहिल्या वाक्यासाठी मराठीत ‘साठी’ किंवा ‘केवळ’ यांपैकी कशाचीच गरज पडत नाही: तो धावत स्टेशनवर गेला, तर गाडी सुटलेली.