मांबलम ते मांबलम

पहाटे 4:30
उद्या रविवारी आमच्या सायकल गटाची फेरी आहे आणि तिचा रस्ता आखण्याचं काम माझ्याकडे आहे. हे काम घरबसल्या नकाशावर होत नाही. आदल्या दिवशी सगळा रस्ता स्वतः चालवून बघावा लागतो. टायर दाबून हवा बघते, चेनला तेल सोडते, जादा ट्यूब, पंप आणि पान्हे पिशवीत टाकते. वही आणि पेन्सिल खिशात. मार्गळी महिना आहे, म्हणजे आपला धनुर्मास. गल्लीत दारोदारी कोलमच्या रांगोळ्या चालल्यात.

"एवढ्या अंधारात कुठे निघालीस गं?" शेजारच्या मामी तांदळाच्या पिठाचा डबा हातात धरून विचारतात.
"डोंगर बघायला, मामी."
"मद्रासेत कुठले डोंगर?"

मी पुण्याहून इथे आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. कात्रज, बोपदेव, दिवेघाट चढलेल्या पायांना हे शहर म्हणजे नुसती फळी वाटायची. गाडीतून ते तसंच दिसतं. सायकलवर मात्र जमिनीचा प्रत्येक चढउतार मांड्यांना कळतो.

5:10
अशोकनगर, मग कत्तिपाऱ्याचा मोठा चौक. या वेळी तो ओलांडता येतो. सातनंतर नवख्यांना इथे आणणार नाही. म्हणूनच फेरीची दिशा अशी ठेवली आहे, आधी दक्षिण, मग पश्चिम. ऊन पाठीवर राहतं आणि जीएसटी रोडचा वाईट तुकडा वर्दळ सुरू होण्याआधी मागे पडतो.

सेंट थॉमस माउंट जेमतेम तीनशे फूट उंच. पण वर जाणारा रस्ता आखूड आणि उभा आहे, सर्वांत हलक्या गिअरवरही धाप लागते. वहीत लिहिते: "उतरून ढकलत नेली तरी चालेल."

6:20
माथ्यावर पोर्तुगीजांनी 1523 साली बांधलेलं चर्च आहे आणि विल्यम लॅम्बटनचा अर्धपुतळाही. 10 एप्रिल 1802 रोजी लॅम्बटनने या डोंगराजवळून जमीन मोजायला सुरुवात केली. शंभर फुटी पोलादी साखळी, साडेसात मैलांची सरळ रेषा, 57 दिवसांचं काम, तेही मद्रासच्या एप्रिल-मेच्या उन्हात. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण चढवत भारताची मोजणी पुढे हिमालयापर्यंत गेली. खाली मीनंबाक्कमच्या धावपट्टीवरून एक विमान उठतं. माझ्या हँडलवरचा यंत्राचा पडदा सांगतो, घरापासून सात किलोमीटर. रस्ता मोजायला निघालेल्या माणसाने इथे थोडं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. उद्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवते.

7:10
पल्लावरम. लोक इथून फक्त पुढे जातात. आमच्या फेरीत हा सर्वांत मोलाचा थांबा आहे. 30 मे 1863 रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना इथल्या मुरमात माणसाने घडवलेली दगडी हातकुऱ्हाड सापडली. भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला.

रस्त्याच्या कडेला फुटलेला एक दगड उचलते. बाहेरून मळकट तपकिरी. ताज्या फुटीवर मात्र निळसर करडा, तेलाचा हात फिरवल्यासारखा तुकतुकीत, आणि नीट बघितलं तर आत निळ्या गारेचे कण. हा चार्नोकाइट. कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरची शिळा या दगडाची आहे. तिच्यावरून टी. एच. हॉलंड यांनी 1893 मध्ये या खडकाला चार्नॉकचं नाव दिलं. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे 250 कोटी वर्षांचा. पल्लावरमच्या बुटक्या, खाणींनी कुरतडलेल्या टेकड्यांकडे मी पूर्वी कीव करून बघत असे. आता त्यांच्याकडे बघताना मान आपसूक खाली जाते. उरलेल्या टेकड्या तरी राहाव्यात, यासाठी त्या काय आहेत हे लोकांना कळायला हवं, आणि ते कळायला सायकलचा वेग बरोबर आहे.

8:00
तिरुनीरमलै. विष्णूच्या 108 पवित्र स्थानांपैकी, म्हणजे दिव्यदेशांपैकी, एक. पायथ्याला नीरवण्ण पेरुमाळ, डोंगरावर रंगनाथ. देव इथे उभा, बसलेला, पहुडलेला आणि चालता, अशा चारही रूपांत आहे. संतकवी तिरुमंगै आळ्वार दर्शनाला आले तेव्हा डोंगराला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा होता आणि पाणी ओसरेपर्यंत ते सहा महिने थांबले, अशी कथा सांगतात. वर जाऊन पाहिलं की कथेत पाणी का आहे ते उमगतं. टेकडीच्या आजूबाजूला अजूनही तळी चमकतात, आणि त्यांच्या काठाकाठाने घरं आत आत सरकत चालली आहेत.

वहीत: "क्लीट लावलेले बूट खाली काढावेत. सायकलींपाशी एकाने थांबावं. पाणी इथे भरून घ्यावं."

8:50
अनकापुत्तूर, विणकरांचं गाव. केळीच्या धाग्याच्या साड्या इथे विणल्या जातात. पुढे अड्यार ओलांडते, इथे ती शहरातल्यापेक्षा बरीच बारीक आहे. पुलाच्या सांध्यावर खोल फट आहे, अरुंद टायर अडकेल. वहीत ठळक नोंद.

9:20
कुंड्रत्तूर. मुरुगनच्या टेकडीच्या पायऱ्या चढून उतरते. पेरियपुराण रचणारे सेक्किळार याच गावचे, बाराव्या शतकातले, चोळ राजाचे मंत्री. खाली एका खानावळीत गरम वेण पोंगल मिळतं, मिऱ्याच्या दाण्यांसकट.
"अक्का, उद्या किती जण?" मालक विचारतो.
"वीसेक. साडेनऊला."
"मग चटणी जास्त वाटून ठेवतो."
पैसे मी आगाऊ देते, तो घेत नाही.

10:15
चेंबरंबाक्कम. बांध दिसायला लागतो आणि मग एकदम पाणी, पलीकडचा काठ धुक्यात गेलेला. पूर्ण भरला की या तलावात 24 फूट पाणी असतं, 3,645 दशलक्ष घनफूट. चेन्नईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथलं.

ही फेरी मी गोल का आखली, ते इथे उभं राहिलं की समजतं. तलावाचं जादा पाणी सांडव्यातून निघतं, कुंड्रत्तूरच्या बाजूने वाहत तिरुनीरमलैजवळ अड्यारला मिळतं. नदी पुढे जाफरखानपेट, सैदापेट करत समुद्राकडे जाते. डिसेंबर 2015 मध्ये इथले दरवाजे उघडले आणि खाली शहरात माणसं गच्चीवर चढली. आमच्या मांबलमच्या गल्ल्यांतही तेव्हा पाणी भरलं होतं. मांबलमलाही एके काळी स्वतःचा लांबलचक तलाव होता. 1920च्या दशकात तो बुजवून त्यागरायनगर वसवलं, आता लेक व्ह्यू रोडला तळं दिसत नाही. म्हणून उद्या इथे मी सगळ्यांना थांबवून विचारणार आहे, की इथून सुटलेला थेंब तुमच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने येईल? फेरी संपेपर्यंत उत्तर ज्याचं त्याने शोधायचं.

11:00
मांगाडू, पोरूर, आर्काट रोड. सांगण्यासारखं थोडं. डोक्यावर मेट्रोचा पूल, शेजारी बस, आणि समोरून ईशान्येचा वारा. सकाळी चढांवर जोर संपवणारे इथे रडकुंडीला येतात. वहीत: "शेवटच्या पंधरा किलोमीटरसाठी दम राखा."

12:15
घर. सगळं मिळून पन्नास किलोमीटरच्या आसपास. आंघोळ, सांबारभात, झोप.

4:00
पेन्सिलच्या नोंदी संगणकावर चढवते. वळण, अंतर, धोका, सावली, पाणी, स्वच्छतागृह. शेवटचे दोन रकाने मी हट्टाने ठेवलेत. ते नसले की बायका फेरीला येत नाहीत.

7:30
नव्याने नोकरीसाठी आलेल्या नाशिकच्या एका मुलीचा फोन.
"काकू, मला घाटाची सवय नाही. जमेल ना?"
"घाट नाहीच गं. एकच खरा चढ, तोही पहिल्या तासात. बाकी पायऱ्या."
"मग डोंगर कसले?"
"250 कोटी वर्षांचे. पावणेपाचला अयोध्या मंडपमपाशी ये, पुढे-मागे दोन्ही दिवे लावून. आणि मिरी चालतात ना तुला?"